इओसेपा: पंधराव्या वर्षी परदेशी धाडलेल्या एका मॉर्मन मिशनऱ्याचं प्रकरण

१८५४ च्या सप्टेंबरात, २७ तारखेला, ‘वाकेरो’ नावाचं जहाज होनोलुलूला लागलं. त्यातून उतरलेल्या मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत जन्मलेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या, मिशनऱ्यांमधला एक जण पंधरा वर्षं दहा महिन्यांचा होता. जोसेफ एफ. स्मिथ त्याचं नाव. आई गेलेली, बाप गेलेला, खिसा रिकामा, आणि ज्यांना धर्म सांगायला आला त्यांच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. तीन वर्षं तो हवाई बेटांवर राहिला. पुढे १९०१ मध्ये तो त्या चर्चचा अध्यक्ष झाला आणि १९१८ मध्ये वारला. मरणाच्याच वर्षी त्याने बेटांवर असताना पडलेल्या एका स्वप्नाची हकिकत सांगितली, आणि ते आपल्यासाठी स्वप्न नव्हतंच, प्रत्यक्ष घडलेलं होतं, असं म्हटलं.

मी हे प्रकरण अभ्यासाला घेतलं ते त्या स्वप्नापायी. पण वाचत गेले तसतसं लक्ष स्वप्नावरून सरकत एका बाईकडे गेलं. तिचं नाव फार थोड्या ठिकाणी येतं. तिच्याशिवाय हे प्रकरण उभंच राहत नाही असं माझं मत झालं आहे, आणि ते का झालं हे सांगण्यासाठीच हा लेख.

पुराव्याबद्दल आधीच सांगायला हवं. तो दोन थरांचा आहे. एक थर त्या काळात लिहिलेला: नातेवाइकांना आणि बहिणीला पाठवलेली पत्रं, आणि १८५६-५७ च्या रोजनिशा. त्याआधीच्या वह्या लानाई बेटावरच्या आगीत जळाल्या, म्हणजे पहिल्या सव्वा वर्षाची त्याची स्वतःची रोजची नोंद आपल्याला मिळत नाही. दुसरा थर तीस ते साठ वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणींचा. पहिल्या थरात चिडका, थकलेला, खरा मुलगा दिसतो. दुसऱ्या थरात एक वयोवृद्ध धर्मप्रमुख त्या मुलाकडे वळून पाहतो. दोन्ही खरे आहेत, पण एकाच्या तोंडी दुसऱ्याचं वाक्य घालून चालणार नाही.

आधीचा मुलगा

मॉर्मन पंथाची स्थापना १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी केली. आपल्या प्रकरणातला मुलगा त्यांचा पुतण्या. त्याचे वडील हायरम हे संस्थापकांचे थोरले भाऊ आणि उजवा हात. १८३८ च्या ऑक्टोबरात मिसूरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांना राज्यातून हाकलून लावा, नाहीतर संपवा, असा हुकूम काढला. हायरम पकडले गेले. त्यांची इंग्लंडात जन्मलेली बायको मेरी फील्डिंग पोटुशी होती, आणि १३ नोव्हेंबरला हा मुलगा जन्मला. थोड्याच दिवसांत झडतीला आलेल्या जमावाने घर उलथंपालथं केलं, त्यात एक गादी तान्ह्या पोरावर फेकली गेली. गादी उचलली तेव्हा पोर काळंनिळं पडलं होतं. ते वाचलं.

२७ जून १८४४ ला इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याच्या वडिलांना आणि काकांना गोळ्या घातल्या. मुलगा पाच वर्षांचा होता. रात्री कुणीतरी खिडकीवर टकटक करून आईला ती बातमी सांगितली, ही आठवण त्याला म्हातारपणापर्यंत होती. मग गाव सुटलं. नवव्या वर्षी त्याने बैलांची गाडी हाकत मैदानी मुलूख ओलांडला. काफिल्याच्या म्होरक्याने विधवा मेरीला सांगितलं होतं की तुझं ओझं साऱ्यांना होईल. तिने उत्तर दिलं की मी तुमच्या आधी पोचेन, आणि १८४८ च्या सप्टेंबरात ती खरंच आधी पोचली. चार वर्षांनी, २१ सप्टेंबर १८५२ ला, सॉल्ट लेक सिटीत ती वारली.

पुढच्या अठरा महिन्यांबद्दल त्याने स्वतःच बऱ्याच वर्षांनी एका पत्रात लिहून ठेवलं आहे. आईच्या मरणानंतर आपण धूमकेतूसारखे, पेटत्या उल्केसारखे झालो होतो, तोल सांभाळणारं गुरुत्वच उरलं नव्हतं, असे त्याचे शब्द. शाळेत मास्तर त्याच्या धाकट्या बहिणीला चामड्याच्या वादीने मारायला निघाले, तेव्हा तो आडवा झाला. मास्तर त्याच्यावर धावून आले. “मग मीच त्यांना चांगला चोप दिला,” असं त्याने पुढे सांगितलं. शाळा तिथे संपली. त्यानंतर लवकरच, १८५४ च्या एप्रिलमधल्या धर्मपरिषदेत मिशनला जाणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव वाचलं गेलं.

हा मुलगा बंडखोर होता म्हणून त्याला दूर धाडला, असं सरळ वाचन करता येतं, आणि बरेच जण तसंच करतात. मला त्या निर्णयात काळजीही दिसते. वडिलकीच्या नात्याने जे लोक उरले होते त्यांच्याकडे या पोराला सांभाळायला दुसरं साधन नव्हतं. पण पंधरा वर्षांच्या अनाथ मुलाला समुद्रापार पाठवणं हे जोखमीचं काम होतं, आणि ते निभावलं गेलं ते पाठवणाऱ्यांच्या हुशारीमुळे असं मला वाटत नाही.

सारा प्रवास आपल्या कष्टावर करायचा होता. २७ मे ला घर सोडलं, दक्षिणेच्या वाटेने कॅलिफोर्निया गाठलं, आणि जहाजाच्या भाड्यासाठी छपराच्या लाकडी फळ्या पाडणाऱ्या गिरणीत काम केलं. धर्म सांगायला निघालेल्याने पैशाची थैली आणि शिदोरी बरोबर घेऊ नये, हा बायबलातला दंडक ते लोक अक्षरशः पाळायचे. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. माधुकरी मागून शिकणारा मुलगा, वार लावून सात घरी जेवणारा विद्यार्थी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पाहिलेला आहे. फरक एवढाच की माधुकरी मागणारा आपल्याच भाषेत, आपल्याच अन्नासाठी हात पसरतो.

कुला

त्याची नेमणूक मावी बेटावर कुला या भागात झाली. हालेआकाला हा दहा हजार फुटांचा ज्वालामुखी, त्याच्या उतारावरचा हा मुलूख. खाली समुद्राची ऊब असते आणि वर रात्री चांगलं गारठायला होतं. सोन्यासाठी कॅलिफोर्नियात गर्दी झाली त्या वर्षांत इथले लोक बटाटे पिकवून तिकडे पाठवायचे.

कुलाला तो आजारी पडला. ताप चढला, उतरेना. त्याला आपल्या घरी ठेवून घेऊन ज्या हवाईयन बाईने त्याची शुश्रूषा केली तिचं नाव मा माहुहीई. त्या दिवसांचं त्याच्या हातचं वर्णन नाही, कारण वह्या जळाल्या. जे आहे ते त्याच्या पुढच्या आयुष्यातल्या एका वाक्यात आहे: मी पोरगा होतो, आजारी होतो, बघणारं कुणी नव्हतं, तिने मला घरात घेतलं आणि ती माझी आई झाली.

या वाक्याचं वजन कळायला त्या घराबाहेर काय चाललं होतं ते माहीत हवं. १८५३ च्या शिरगणतीत हवाई राज्याची लोकसंख्या सुमारे ७३ हजार भरली. पाऊणशे वर्षांपूर्वी, पहिली युरोपीय जहाजं आली तेव्हा, ती याच्या कितीतरी पट होती. त्याच १८५३ मध्ये देवीची साथ आली आणि तिने ओआहू बेटावर हजारो माणसं नेली. परक्या जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी आपली मुलंबाळं पुरलेल्या लोकांच्या दारात, परक्या जहाजातून आलेला एक मुलगा तापाने फणफणत पडला होता. त्यांनी दार लावलं नाही.

हवाईयन समाजात ‘हानाई’ म्हणून रीत आहे. दुसऱ्याचं मूल आपल्या घरी वाढवायचं, त्याला पोटच्यासारखं मानायचं. त्यात जन्मदात्यांशी नातं तुटत नाही, उलट दोन घरं जोडली जातात. या मुलाला कुणी रीतसर हानाई केलं असं मी म्हणत नाही. पण मा माहुहीईने जे केलं त्यामागे ही शेकडो वर्षांची सवय होती. तिने दया दाखवली असं म्हणून मोकळं होणं मला अपुरं वाटतं. तिच्या लोकांना लेकरू कसं घरात घ्यायचं हे ठाऊक होतं.

मग भाषा. बेटांवर आल्यापासून शंभर दिवसांत आपण हवाईयन बोलू लागलो, प्रवचन देऊ लागलो, असं त्याने सांगितलं आहे, आणि ती देवाची देणगी होती असं तो मरेपर्यंत मानत आला. तो मानत होता तसं मी नोंदवते, ते खोडून काढण्याची मला गरज वाटत नाही. पण त्या शंभर दिवसांतले कितीतरी दिवस हा मुलगा एका घरात आडवा पडून होता, आणि कानावर दुसरी कुठलीही भाषा पडत नव्हती. पाणी मागायचं तर हवाईयनमध्ये, अंथरूण सरकवायला सांगायचं तर हवाईयनमध्ये. मूल ज्या क्रमाने भाषा शिकतं त्याच क्रमाने तो शिकला असणार: आधी तहान-भूक, मग नाती, मग गोष्टी, आणि देव सर्वांत शेवटी. देणगी म्हणायची तर ती कुणाच्या हातून आली हेही कुलाच्या त्याच उतारावर दिसतं.

हवाईयन लिपीत मिशनऱ्यांनी ठेवलेली अक्षरं मोजकी, पाच स्वर आणि सात व्यंजनं. त्यांत ‘ज’ नाही, ‘फ’ नाही. जोसेफचा ‘इओसेपा’ झाला. हे नाव त्याला आयुष्यभर पुरलं.

वाट त्याच्याआधी पाडलेली होती, हेही सांगितलं पाहिजे. पहिले दहा मॉर्मन मिशनरी १८५० च्या डिसेंबरात आले होते. त्यांतले काही लवकर परतले. राहिलेल्यांत तेवीस वर्षांचे जॉर्ज कॅनन होते. मावीवरच्या वाइलुकूचे न्यायाधीश जोनाथन नापेला यांच्या साहाय्याने त्यांनी ‘मॉर्मनचा ग्रंथ’ हवाईयनमध्ये आणला, तो १८५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत छापला गेला. नव्या मिशनऱ्यांना भाषा शिकवण्याचे वर्ग नापेलांनी स्वतःच्या घरी घेतले. म्हणजे ‘तिकडच्यांना शिकवायला जाणं’ या शब्दांत जो ओघ गृहीत धरलेला असतो, तो मावीवर सुरुवातीपासूनच दोन्ही बाजूंनी वाहत होता.

मराठी वाचकाला इथे एक ओळखीचा धागा सापडेल. हवाईत या मॉर्मन पोरांना ज्यांचा विरोध सोसावा लागला ते प्रस्थापित मिशनरी बोस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’चे होते. ते हवाईत १८२० मध्ये पोचले. त्याच बोर्डाची माणसं त्याआधी, १८१३ मध्ये, मुंबईत आली होती. त्यांचंच अमेरिकन मराठी मिशन, अहमदनगरची शाळा, १८४२ मध्ये सुरू झालेला ‘ज्ञानोदय’. आणि मॉर्मनही आपल्याकडे आले होते. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याच्या छावणीभागात त्याने प्रचार केला. ते काम टिकलं नाही. हवाईत टिकलं. फरक कशाने पडला हा मोठा विषय आहे, पण मुंबई-पुण्यात मिशनरी बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कडेकडेने वावरला, आणि मावीवरची पोरं गवती घरांत झोपली, एवढी गोष्ट मला दुर्लक्षिण्याजोगी वाटत नाही.

रोजचं जगणं

घर म्हणजे पिली गवताने शाकारलेलं एका खोलीचं घर. खाली ‘लाउहाला’ची चटई, म्हणजे आपल्या केवड्याच्या जातीच्या झाडाची पानं काटे काढून, वाळवून, विणलेली. तीच बसायला, तीच निजायला. साऱ्या कुटुंबाबरोबर एका रांगेत.

खाणं म्हणजे पोई. तिकडचा ‘कालो’ म्हणजे आपलं अळूच, त्याचा कांदा म्हणजे आपली अळकुडी. कोकणातल्या माणसाला अळू खाजतं हे सांगायला नको, आपण त्यात चिंच किंवा आमसूल घालतो. हवाईयन लोक कांदे भट्टीत खूप वेळ शिजवतात, सोलतात, मग लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटत राहतात. घट्ट लगदा झाला की थोडं थोडं पाणी घालत तो सैल करायचा. ताजी पोई गोडसर असते, दोन-चार दिवसांत ती आंबते, आणि खरी चव आंबल्यावरच असं तिथले लोक मानतात. एक वाडगं मध्ये ठेवून सगळ्यांनी बोटं बुडवून खायचं. घट्ट असेल तर एका बोटाची, पातळ असेल तर दोन-तीन बोटांची. जांभळट करड्या रंगाच्या त्या लगद्यात पहिल्यांदा बोट घालताना गव्हाच्या पावावर वाढलेल्या मुलाचं काय झालं असेल याची कल्पना करता येते. पण ते वाडगं ओलांडून पलीकडे जायची वाट नव्हती. जो पोई खात नाही तो घरातला नाही.

दिवसाचा बराचसा भाग चालण्यात जायचा. मावीनंतर त्याला हवाई या मोठ्या बेटावर हिलो आणि कोहाला भागांची, मग मोलोकाईची जबाबदारी मिळाली. एका वस्तीहून दुसरीकडे जायचं, सभा घ्यायची, बाप्तिस्मा द्यायचा, भांडणं मिटवायची, ज्यांनी यायचं सोडलं त्यांच्याकडे जायचं. बेटाबेटांमध्ये लहान शिडाच्या होड्या. मोलोकाईवर पुन्हा मोठा ताप आला.

रोजनिशांतला मुलगा सोळा-सतरा वर्षांचा आहे आणि तो लपवत नाही. पिसवा, मळ, खाज, उपास, कंटाळा, सगळं येतं. बेटांवरच्या माणसांविषयी त्याने तिखट, अपमानकारक शब्दही लिहिले आहेत. ते वाचताना मला वाईट वाटलं. त्याचं वय आणि काळ दोन्ही ध्यानात घेऊनसुद्धा ते शब्द मऊ होत नाहीत. मात्र त्याच माणसांच्या हातचं तो रोज जेवत होता, आणि आपण परावलंबी आहोत याची टोचणी त्या चिडचिडीत मिसळलेली आहे असं मला वाचताना जाणवत राहिलं.

लानाईची आग ही या दिवसांतली सर्वांत मोठी हानी. या बेटावर पालावाईच्या खोलगट पठारात मॉर्मनांनी वसाहत वसवायला घेतली होती. तिथल्या घराला आग लागली आणि त्याची पेटी आतल्या कपड्यांसह, पुस्तकांसह, वह्यांसह गेली. त्यानंतर काही काळ त्याच्यात आणि सोबत्यात मिळून अंगावर घालण्यासारखा एकच जोड होता. एकाने तो घालून सभेला जायचं, तोवर दुसऱ्याने अंथरुणात पडून राहायचं. ही आठवण त्याच्या चरित्रात हसून सांगितली जाते. अंथरुणात पडून दुसऱ्याच्या पावलांची वाट बघणारा तो मुलगा मला मात्र पुढच्या स्वप्नाच्या अगदी उंबऱ्याशी दिसतो.

आजच्या मिशनऱ्यांशी थोडी तुलना करते. आज मुलगे अठराव्या वर्षापासून जाऊ शकतात, दोन वर्षं राहतात. जाण्याआधी त्यांना प्रशिक्षण मिळतं. सोबती चोवीस तास बरोबर असतो, आणि २०१९ पासून आठवड्यातून एकदा घरच्यांशी बोलता येतं. जोसेफच्या वाट्याला धाकट्या बहिणीशी, मार्था अॅनशी, पत्रं होती. तो तिला थोरल्या भावाच्या तोऱ्यात उपदेश करतो. आईवेगळ्या दोन पोरांमधली ती पत्रं आहेत, आणि समुद्रावरून ती पोचायला किती वेळ लागत असेल याचा हिशोब मनात ठेवूनच ती वाचावी लागतात.

एका अनुभवाबद्दल तो पुढे सांगत असे. एका हवाईयन कुटुंबाकडे रात्री मुक्काम असताना घरातल्या बाईला झटके येऊ लागले, चेहरा वेडावाकडा झाला. घरच्यांनी आणि त्याने तो भूतबाधेचा प्रकार मानला. आधी आपली भीतीने गाळण उडाली, मग एकाएकी बळ आलं, येशूच्या नावाने त्या शक्तीला दटावलं आणि बाई शांत झाली, असं तो सांगतो. वैद्यकीय कारण काय असेल ते मी धुंडाळत बसले नाही. माझ्या लेखी महत्त्वाची आहे ती त्याची कबुली, की आधी तो घाबरला. त्या घरात मोठं माणूस म्हणून त्याच्याकडे पाहिलं जात होतं आणि तो पोर होता.

स्वप्न

त्याच्या सांगण्याप्रमाणे तेव्हा त्याच्या अंगावर धड कपडे नव्हते. आपण इतके दीन झालो आहोत की गोऱ्या माणसाच्या डोळ्याला डोळा देण्याची हिंमत होत नाही, असं त्याला वाटे.

स्वप्नात तो प्रवासात आहे आणि घाई करतो आहे, उशीर होईल या धास्तीने धावतो आहे. हातात एक रुमालाचं लहानसं गाठोडं, आत काय आहे हे त्याला कळत नाही. धावत तो एका भव्य वाड्यापाशी येतो. आत शिरणार इतक्यात एक पाटी दिसते: स्नानगृह. तो चटकन वळतो, आत जातो, अंग स्वच्छ धुतो. गाठोडं सोडतो तर आत पांढरी, स्वच्छ वस्त्रं. कितीतरी दिवसांत त्याने असं काही पाहिलेलं नाही. ती घालून तो दाराशी धावतो, ठोठावतो. दार उघडणारा माणूस म्हणजे त्याचे काका, जोसेफ स्मिथ. ते जरा रागावल्यासारखे बघतात आणि म्हणतात, “जोसेफ, उशीर केलास.” तो म्हणतो, “हो, पण मी स्वच्छ आहे, मी स्वच्छ आहे!” काका त्याचा हात धरून आत ओढतात आणि दार लावतात. आत वडील आहेत. चर्चचे मोठे पुढारी आहेत. आणि आई आहे, मांडीवर मूल घेऊन बसलेली.

त्या सकाळी जागा झालो तेव्हा पोर असूनही मी पुरुष झालो होतो, जगात कशाचीही भीती उरली नव्हती, असं तो सांगतो.

या स्वप्नाची फोड करताना मी एकच काळजी घेतली आहे: त्याचं मोल कमी होईल असं काही बोलायचं नाही. त्याच्या पंथाच्या दृष्टीने पांढऱ्या वस्त्रांना मंदिरविधीचा अर्थ आहे आणि तो त्याला पूर्ण ठाऊक होता. पण ज्या मुलाचे कपडे जळाले, जो पिसवांनी हैराण होता, त्याला स्वप्नात आधी न्हाणीघर दिसावं आणि मग देवघर, यात मला त्याच्या रोजच्या जगण्याचा अगदी अंगावरचा स्पर्श जाणवतो. ‘उशीर’ तर त्याच्या जन्मापासूनचा. तो जन्मला तेव्हा बाप कैदेत, कळू लागलं तेव्हा बाप गेलेला. हुतात्म्याचा मुलगा म्हणून जे व्हायचं होतं त्याला आपण कायम उशिरा पोचतो आहोत, ही धास्ती घेऊन तो वाढला. त्या धास्तीला त्याने दिलेलं उत्तर असं की मी वेळेवर आलो नाही, पण मी मळलेला आलो नाही. आईबाप दोघं एका घरात, दार आतून लावलेलं. पाचव्या वर्षानंतर त्याने हे पाहिलेलं नव्हतं.

आता अडचणीची जागा. १९१८ मध्ये ही हकिकत सांगताना त्याने सुरुवातीला म्हटलं की आपल्याला तेव्हा कुणी मित्र नव्हता, एका गरीब, अज्ञानी, अधोगतीला गेलेल्या लोकांच्या मैत्रीखेरीज. ऐंशीच्या घरातला माणूस आयुष्यातला सर्वांत पवित्र अनुभव सांगतो आहे, आणि ज्यांनी त्याला जगवलं त्यांच्यासाठी त्याच्या तोंडी हे शब्द येतात. मी हे वाक्य अनेकदा वाचलं. तो काळ तसा होता असं म्हणून ते बाजूला ठेवता येत नाही, कारण याच माणसाचं दुसरं एक चित्र आपल्याकडे आहे.

केळी

१८५७ मध्ये अमेरिकन सरकार यूटावर, म्हणजे सॉल्ट लेक सिटीभोवतीच्या मॉर्मनांच्या मुलखावर, फौज धाडत असल्याची बातमी आली आणि मिशनऱ्यांना परत बोलावलं गेलं. ६ ऑक्टोबरला त्याने बेटं सोडली. परतीच्या वाटेवर कॅलिफोर्नियात काही दारू प्यायलेले हत्यारबंद लोक त्यांच्या तळावर आले, मॉर्मन दिसला तर मारू म्हणत. सोबती झाडीत पसार झाले. लाकडं घेऊन येणारा हा एकटा समोर सापडला. पिस्तूल रोखून विचारलं, तू मॉर्मन आहेस का? तो म्हणाला, होय, पक्का, आरपार. त्या माणसाने हात पुढे केला आणि म्हणाला की तुझ्यासारखा भला माणूस पाहिला नाही. १८५८ च्या फेब्रुवारीत तो घरी पोचला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आपल्या बेटांवरच्या वर्षांनी आपला तोल परत आणला आणि पुढच्या आयुष्याच्या मर्यादा आखून दिल्या, असं धूमकेतूचा उल्लेख असलेल्या त्याच पत्रात आहे.

पुढचं आयुष्य थोडक्यात: १८६४ मध्ये पुन्हा हवाई. १८८५ ते १८८७ त्या काळच्या मॉर्मनांमधल्या बहुपत्नीत्वावरून भरल्या जाणाऱ्या खटल्यांपासून दूर म्हणून ओआहूवरच्या लाइए गावी मुक्काम. मग अध्यक्ष झाल्यावर पुन्हा भेटी. अशाच एका भेटीत त्याच्या बरोबर असलेले बिशप चार्ल्स निब्ली यांनी पाहिलेला प्रसंग लिहून ठेवला आहे. होनोलुलूच्या धक्क्यावर बँड वाजत होता, लोक फुलांच्या माळा घालत होते. गर्दीत एका म्हाताऱ्या आंधळ्या बाईला कुणीतरी हाताला धरून आणलं. नव्वदीच्या आसपासची असावी, पाय लटपटत होते. हातात निवडक केळी होती. ती हाका मारत होती: “इओसेपा, इओसेपा!”

अध्यक्ष गर्दीतून तिच्याकडे धावले, तिला मिठी मारली, मुके घेतले, डोक्यावरून हात फिरवत म्हणत राहिले, “मामा, मामा, माझी म्हातारी मामा.” डोळ्यांतून पाणी वाहत असताना ते निब्लींकडे वळले आणि तिने मला पोर असताना वाचवलं, ती माझी आई झाली, हे वाक्य बोलले. मा माहुहीईला तिच्या इओसेपाचा चेहरा दिसत नव्हता. तिने त्याला शेवटचं पाहिलं असेल ते कोवळ्या वयातलं असेल.

त्या धक्क्यावर त्याच्या तोंडी एकही शिकवलेला शब्द नव्हता. १९१८ च्या भाषणात जे शब्द आले ते त्याच्या काळाने, त्याच्या समाजाने दिलेले होते, तयार मिळालेले. पंधराव्या वर्षी जे शरीराने शिकला ते त्याला भाषणात आणता आलं नाही, फक्त रडण्यात आणता आलं. या प्रकरणाकडे मी परत परत येते ते या फटीमुळे. श्रद्धा त्याला स्वप्नाने दिली असं तो म्हणाला, आणि मी ते मानते. पण स्वप्न पडण्याइतका तो जिवंत राहिला तो आंबलेल्या पोईवर आणि केवड्याच्या चटईवर. आईविना अठरा महिने भरकटलेल्या पोराला स्वप्नात मांडीवर मूल घेतलेली आई दिसण्याआधी, जागेपणी एक आई मिळालेली होती.

या नात्याला आणखी एक टोक आहे, वाळवंटातलं. यूटात जाऊन मंदिराजवळ राहावं म्हणून काही हवाईयन मॉर्मन बेटं सोडून गेले. १८८९ मध्ये त्यांना स्कल व्हॅली नावाच्या रखरखीत खोऱ्यात जमीन देण्यात आली. कडाक्याची थंडी, पाण्याची ओढ, आणि कालो पिकण्याची सोय नाही. समुद्राच्या लोकांनी तिथे गाव वसवलं आणि त्याला नाव दिलं इओसेपा. १९१५ मध्ये जोसेफ एफ. स्मिथ यांनी लाइएला मंदिराची जागा समर्पित केली. घराजवळ मंदिर होणार म्हटल्यावर १९१७ पर्यंत बहुतेक लोक बेटांवर परतले. मंदिर १९१९ मध्ये खुलं झालं, त्याच्या वर्षभर आधीच स्मिथ वारले होते. इओसेपा गाव ओस पडलं, कबरस्तान मात्र राहिलं. दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस तिथे पुरलेल्यांची नातवंडं-पतवंडं जमतात, कबरी झाडून फुलं वाहतात, आणि मोकळ्या आभाळाखाली हवाईयन जेवणाची पंगत बसते.